रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप व ग्रीक विद्येचा वारसा

थोर पुरुषांचीं चरित्रें केवळ त्यांची स्तुति करण्यासाठीं वाचावयाचीं नसतात. जे प्रश्न आपल्या मनांत घोळत असतात त्यांना त्यांनीं आपल्या आयुष्यांत कसें तोंड दिलें, हें समजून घेणें हा चरित्रवाचनाचा मोठा लाभ होय. हिस्लॉप हें नांव आमच्या नागपुरांत लहानथोर सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु ज्यांच्यावरून तें महाविद्यालयास मिळालें ते गृहस्थ कोण, कोठून आले आणि त्यांनीं येथें येऊन काय केलें, असें विचारल्यास पुष्कळांस नीट सांगतां यावयाचें नाहीं. म्हणून त्यांचें अल्प चरित्र ह्या अंकांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या चरित्राकडे वळण्यास आणखीही एक कारण आहे. मुलगा शाळेंत शास्त्रें शिकला म्हणजे देवाधर्मास पारखा होईल कीं काय, अशी शंका अनेक पालकांच्या मनांत असते. आणि घरची प्रार्थना व वर्गांतील प्रयोग ह्यांचा मेळ कसा घालावा, हें कित्येक विद्यार्थ्यांना कळत नाहीं. ही अडचण केवळ ख्रिस्ती घरांतलीच आहे असें नाहीं, आणि ती आजची तर मुळींच नाहीं. ग्रीक लोकांची विद्या आणि बायबलांतील श्रद्धा ह्यांची गांठ ज्या दिवशीं पडली त्या दिवसापासून ती चालत आली आहे. हिस्लॉप साहेब ह्या दोहोंचे वारस होते. यास्तव प्रथम त्या वारशाविषयीं चार शब्द सांगून मग त्यांच्या चरित्राकडे वळतों.

इ. स. पूर्व सहाव्या शतकांत ग्रीक लोकांच्या वसाहतींत कांहीं विचारवंत उदयास आले. मायलेटस नगराचा थेलीझ हा त्यांतील पहिला समजला जातो. वीज कां चमकते, धरणीकंप कां होतो, सर्व पदार्थांच्या मुळाशीं कोणतें तत्त्व आहे, असे प्रश्न ह्या मंडळींनीं विचारले, आणि देवतांच्या रागलोभाच्या कथांवर न थांबतां खुद्द सृष्टींतच त्यांचीं कारणें शोधण्याची खटपट केली. त्यांचीं बहुतेक उत्तरें पुढें चुकीचीं ठरलीं. प्रश्न विचारण्याची रीत मात्र टिकली. अथेन्सच्या सॉक्रेटिसानें तीच रीत मनुष्याच्या आचरणास लाविली व त्यापायीं इ. स. पूर्व ३९९ सालीं विषाचा पेला पिऊन प्राण दिला. अॅरिस्टॉटलनें प्राण्यांचें बारकाईनें निरीक्षण करून त्यांचें वर्गीकरण केलें. युक्लिडनें इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास भूमितीचे सिद्धांत एकांतून दुसरा निघेल अशा क्रमानें लाविले. अठराव्या शतकांत जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ पंडितानें युक्लिडच्या ग्रंथाचें अरबीवरून संस्कृतांत भाषांतर केलें. तें रेखागणित ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. ग्रीक विद्येचा आपल्या देशाशीं संबंध त्याच्याही फार पूर्वींचा आहे. ज्योतिष्यांच्या तोंडचा होरा हा शब्द, भूमितींतील केंद्र हा शब्द, आणि बाजारांत आपण मोजतों तो दाम, हे तिन्ही शब्द मुळांत ग्रीक भाषेंतून आलेले आहेत.

बायबलाचा मार्ग निराळा. जग कशाचें बनलें आहे ह्या प्रश्नापासून इब्री संदेष्ट्यांनीं प्रारंभ केला नाहीं. जग कोणीं निर्माण केलें आणि तो निर्माता आपणांकडून काय मागतो, हा त्यांचा प्रश्न होता. न्यायानें वागावें, दुबळ्यावर दया करावी, हातानें घडविलेल्या वस्तूस ईश्वर मानूं नये, ही त्यांची शिकवण. पुढें इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत मिसर देशांतील अलेक्झांड्रिया नगरांत इब्री शास्त्राचें ग्रीक भाषेंत भाषांतर होऊं लागलें, आणि दोन प्रवाह जवळ आले. नवा करार तर मूळ ग्रीक भाषेंतच लिहिला गेला. बायबल, ख्रिस्त, बाप्तिस्मा, बिशप हे आपल्या मंडळींतील नित्याचे शब्द ग्रीकच होत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं ज्या पदाचें मराठींत शब्द असें भाषांतर केलेलें आहे तें मूळ पद लोगोस असें असून, त्याच पदानें ग्रीक तत्त्वज्ञ विश्वांतील विवेकाचा निर्देश करीत असत.

तरीही हें मीलन सुखासुखीं झालें नाहीं. प्रेषित पौल अथेन्सला गेला तेव्हां अरीयपगाच्या टेकडीवर त्यानें आपल्या भाषणांत ग्रीक कवींचाच आधार घेतला. पण मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची गोष्ट निघतांच कांहींनीं थट्टा केली, व थोड्यांनींच विश्वास ठेविला. दुसऱ्या शतकांतील जस्टिन ह्यानें ग्रीक तत्त्वज्ञानाचें स्वागत केलें, तर टर्टुलियन ह्यास अथेन्सचा यरुशलेमेशीं संबंध जोडणेंच आवडलें नाहीं. मध्यंतरीं पश्चिम यूरोपांत अॅरिस्टॉटलचे बहुतेक ग्रंथ मागें पडले. ते सुरियानी व अरबी भाषांत जतन झाले, आणि बगदादच्या व स्पेनच्या विद्वानांकडून पुन्हां यूरोपास मिळाले. टॉमस अॅक्वायनस ह्यानें तेराव्या शतकांत त्यांची ख्रिस्ती सिद्धांतांशीं सांगड घातली. इरॅस्मसनें १५१६ सालीं ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला. त्यापुढील काळांत मात्र कित्येकांनीं ग्रीकांची चिकित्सा तेवढी घेतली व श्रद्धा बाजूस ठेविली. आज जिला आपण ऐहिक संस्कृति म्हणतों, म्हणजे प्रयोगशाळा, न्यायालयांतील पुराव्याची चिकित्सा, लोकसत्ताक राज्य, धर्मग्रंथाचा आधार न घेतां चालणारी नीतिचर्चा, तिचीं अनेक मुळें ह्या ग्रीक भूमींत आहेत. त्याच संस्कृतीचीं आणखी कांहीं मुळें बायबलांत आहेत, हें मात्र ती पुष्कळदां विसरते.

आतां चरित्राकडे वळूं. स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म स्कॉटलंडांतील बेरिकशायर परगण्यांतील डन्स गांवीं ८ सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इकडे नागपूरकर भोंसले व इंग्रज ह्यांच्यामध्यें सीताबर्डीची लढाई झाली. ज्या टेकडीवर त्या वेळीं तोफा धडधडत होत्या तिचेच थर ह्या बालकानें पुढें मोठेपणीं अभ्यासावे, असा योग होता. गांवच्या शाळेंतील शिक्षण संपवून त्यांनीं एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत अध्ययन केलें. त्या काळीं स्कॉटलंडांत धर्मोपदेशक होऊं इच्छिणाऱ्यास लॅटिन, ग्रीक व इब्री ह्या तिन्ही भाषांची ओळख करून घ्यावी लागे, आणि तत्त्वज्ञान व सृष्टिशास्त्र हे विषयही शिकावे लागत. म्हणजे अथेन्स व यरुशलेम ह्या दोहोंची पाठशाळा एकाच छपराखालीं होती.

एडिंबरो येथें टॉमस चामर्स हे त्यांचे गुरु होते. ज्योतिःशास्त्राच्या शोधांनीं ख्रिस्ती श्रद्धेस भिण्याचें कारण नाहीं, ह्या विषयावरील चामर्स ह्यांचीं प्रवचनें हिस्लॉप ह्यांच्या जन्मवर्षींच, म्हणजे १८१७ सालीं, छापून निघालीं होतीं. पृथ्वीचें वय किती हें ठरवून देण्याचा मोशेच्या ग्रंथांचा हेतुच नाहीं, असें चामर्स ह्यांचें मत होतें. त्याच काळीं ह्यू मिलर हा एके काळचा पाथरवट स्कॉटलंडच्या लाल वालुकाश्मांतून मिळणाऱ्या प्राचीन माशांवर ग्रंथ लिहीत होता, आणि त्याच लेखणीनें मंडळीच्या स्वातंत्र्याचा कैवारही घेत होता. अशा वातावरणांत वाढलेल्या तरुणास हातोडा आणि बायबल हीं एकाच पिशवींत बाळगण्यांत कांहीं विसंगति वाटली नसेल, तर त्यांत नवल नाहीं.

१८४३ सालीं स्कॉटलंडच्या मंडळींत मोठी फूट पडली. उपदेशकांची नेमणूक जमीनदारांनीं करावी कीं मंडळीच्या सभासदांच्या संमतीनें व्हावी, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. साडेचारशेंहून अधिक उपदेशक आपलीं घरें व वेतनें सोडून बाहेर पडले, व चामर्स ह्यांच्या पुढारीपणाखालीं स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. हिस्लॉप तिलाच मिळाले. १८४४ सालीं एरॅझ्मा हल ह्या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षीं हें दांपत्य हिंदुस्थानास निघालें, डिसेंबरांत मुंबईस उतरलें आणि १८४५ च्या फेब्रुवारींत नागपुरास पोंचलें. मुंबईहून नागपुरास आगगाडी १८६७ सालीं आली, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या वेळीं हा प्रवास किती लांबचा व कष्टाचा असेल ह्याची कल्पना येईल. मद्रास सैन्यांतील विल्यम हिल नांवाच्या अधिकाऱ्यानें दिलेल्या देणगीच्या आधारावर हें नवें कार्य उभें राहावयाचें होतें. नागपुरांत तेव्हां तिसऱ्या रघूजी भोंसल्यांचें राज्य होतें.

हिस्लॉप साहेबांनीं मराठीचा अभ्यास केला, आणि १८४६ सालीं नागपुरांत शाळा काढिली. कलकत्त्यास अलेक्झांडर डफ ह्यांनीं १८३० सालीं जी पद्धति सुरू केली होती, तिच्याच धर्तीवरची ही शाळा होती. इंग्रजी भाषा, भूगोल, गणित, सृष्टिज्ञान हे विषय शिकवावे, त्यांच्या जोडीस बायबल शिकवावें, म्हणजे विद्यार्थ्याची बुद्धि जागी होईल आणि जागी झालेली बुद्धि त्यास ख्रिस्ताच्या पायांपाशीं घेऊन येईल, अशी डफ ह्यांची श्रद्धा होती. अथेन्सच्या वाटेनें यरुशलेमेस जातां येतें, असाच ह्या योजनेचा अर्थ होता.

पण तसें घडलें काय? थोडेसेंच घडलें, आणि हें आम्हीं मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. मिशनच्या शाळांतून बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. भूमिति, भूगोल व इंग्रजी घेऊन बाहेर पडणारे हजारों निघाले. ज्यांनीं मिशनरींचें मत कधींच मान्य केलें नाहीं त्यांनींही ग्रीकांचें धन आनंदानें स्वीकारलें. पुण्याच्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं १८५२ सालीं सॉक्रेटिसाचें चरित्र मराठींत आणिलें. आणि त्याच वर्षीं मिशनरींच्या टीकेस उत्तर देण्यासाठीं विचारलहरी हें पत्रही चालविलें. पुढच्या पिढींतील गोपाळ गणेश आगरकर ह्यांनीं तर विवेक हाच आपला मार्गदर्शक मानला, आणि त्याच विवेकाच्या बळावर बालविवाहासारख्या रूढींवर प्रहार केले. म्हणजे विवेकाचा दिवा एकदां लागला कीं तो लावणाऱ्याच्या मर्जीप्रमाणें एकाच दिशेला उजेड पाडीत नाहीं. डफ ह्यांचें अनुमान ह्या बाबतींत अपुरें ठरलें, असेंच म्हणावें लागेल. परंतु हिस्लॉप ह्यांनीं तेवढ्यासाठीं शाळा बंद केली नाहीं. विद्या हीच देण्यासारखी वस्तु आहे असें समजून ते शिकवीत राहिले. आणि हें वागणें आम्हांस त्या अनुमानापेक्षांही मोलाचें वाटतें.

शाळेच्या कामांतून जो वेळ उरे त्यांत ते डोंगर व नदीनाले धुंडाळीत. रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी १८४७ सालीं येथें आले. दोघांनाही खडकांचा छंद होता. १८५१ च्या सुमारास नागपूरजवळील टाकळी येथील खडकांत त्यांना दगड बनून गेलेले लहान लहान शंख आढळले, आणि तेथून त्यांच्या शोधांस खरा प्रारंभ झाला. नागपूरच्या पश्चिमेस पसरलेला काळा कातळ हा एके काळीं भूमीच्या पोटांतून वाहून आलेला तप्त रस होय. तो एकाच वेळीं न येतां थरावर थर येत गेला. दोन थरांच्या मधल्या शांततेच्या काळांत तळीं तयार झालीं, तळ्यांत गोगलगाई वाढल्या, कांठावर झाडें उगवलीं, त्यांचीं फळें व बिया चिखलांत पडल्या. मग पुन्हां तप्त रसाचा लोट आला आणि तें सर्व कायमचें झांकलें गेलें. सीताबर्डीच्या टेकडींतही असे थर त्यांनीं पाहिले. शंख, फळें, बिया, किड्यांचे पंख हे सर्व त्यांनीं काळजीनें गोळा केले, कोणती वस्तु कोणत्या थरांत मिळाली ह्याची नोंद ठेविली, आणि नमुने तज्ज्ञांकडे विलायतेस पाठविले. दोघांचा नागपूरच्या भूस्तरांवरील निबंध लंडनच्या भूस्तरशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकांत १८५५ सालीं प्रसिद्ध झाला.

येथें एका ग्रीक पुरुषाची आठवण होते. इ. स. पूर्व सहाव्या शतकांत झेनोफेनीस नांवाचा एक विचारवंत होऊन गेला. समुद्रापासून दूर डोंगरांत शिंपले सांपडतात, सिसिली बेटावरील सिराक्यूजच्या खाणींत माशांचे ठसे दिसतात, हें ध्यानांत घेऊन त्यानें असें अनुमान केलें कीं ही जमीन पूर्वीं कधीं तरी पाण्याखालीं चिखलरूप होती. हाच झेनोफेनीस देवांना मनुष्याचें रूप व मनुष्याचे दुर्गुण चिकटविणाऱ्या कवींवर टीका करी, आणि सर्वांहून श्रेष्ठ असा एकच देव मानी. त्याचें हें शिंपल्यांविषयींचें मत आपल्यापर्यंत कसें आलें, हें ऐकण्यासारखें आहे. तिसऱ्या शतकांतील हिप्पोलिटस नांवाच्या एका ख्रिस्ती लेखकानें पाखंडी मतांचें खंडन करण्यासाठीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत ग्रीकांचीं मतें नमूद करतांना त्यानें तें टिपून ठेविलें. खंडन करणाऱ्याच्या हातूनच तें जतन झालें! टाकळीच्या खडकापुढें बसलेले हिस्लॉप साहेब झेनोफेनीसाचेच धंदेबंधु होते.

त्यांना मिळालेल्या अवशेषांस जीं नांवें पडलीं तींही लक्षांत घेण्यासारखीं आहेत. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथें बेडकाच्या दूरच्या नात्यांतील एका प्राचीन जलस्थलचर प्राण्याची कवटी मिळाली. रिचर्ड ओवेन ह्या विख्यात शास्त्रज्ञानें १८५५ सालीं तिचें वर्णन करून ब्रॅकिऑप्स असें नांव दिलें; ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ आंखूड तोंडाचा असा होतो. मगरीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या एका लुप्त प्राण्यास लिडेकर ह्यांनीं १८८५ सालीं पॅरासुकस हिस्लोपी असें नांव दिलें. त्यांत पहिलें पद ग्रीक आहे, आणि दुसरें आपल्या चरित्रनायकाचें आहे. टाकळीच्या एका हिरवट खनिजास हॉटन ह्यांनीं १८५९ सालीं हिस्लोपाइट हें नांव दिलें. विदर्भांतील दगड, ग्रीक शब्द आणि स्कॉटिश पाद्री असे तिघे एका नांवांत एकत्र आले.

टाकळीचे थर हिस्लॉप ह्यांनीं तृतीय युगांतील मानले होते, व १८६० च्या आपल्या निबंधास त्यांनीं नांवही तसेंच दिलें. पुढील संशोधनानें काळ्या कातळाचा हा उद्रेक सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा ठरला, आणि त्या थरांपैकीं पुष्कळसे तृतीय युगाच्याही आधींचे, खटिक युगाच्या अखेरीचे आहेत असें दिसून आलें. ह्यांत हिस्लॉप ह्यांना कमीपणा नाहीं. त्यांनीं आपले नमुने व नोंदी उघड ठेविल्या, म्हणूनच पुढच्यांना त्यांचें मत तपासतां आलें. शास्त्रांतील मत हें पुराव्यानें बदलण्यासाठींच असतें; आणि ज्याची श्रद्धा ईश्वरावर आहे, आपल्या मतावर नाहीं, त्यास असा बदल जड जात नाहीं.

हिस्लॉप साहेबांचें तिसरें मोठें कार्य म्हणजे गोंड लोकांविषयींचें. गोंडांच्या रानांत फिरून त्यांनीं त्यांच्या भाषेचे शब्द, चालीरीति व देवदेवता ह्यांची माहिती गोळा केली. गोंडांचे वंशपरंपरागत गायक जे परधान, त्यांच्याकडून लिंगोचें दीर्घ गीत त्यांनीं मिळविलें. गोंडी बोलीस सर्वत्र प्रचलित अशी लिपि नव्हती, आणि शहरांतील शिकलेले लोक त्या रानवट बोलीकडे ढुंकूनही पाहत नसत. हिस्लॉप ह्यांच्या पश्चात् सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं हे कागद व्यवस्थित लावून १८६६ सालीं प्रसिद्ध केले. गोंडांच्या अभ्यासास आजही त्यांचा उपयोग होतो.

ह्या कार्यांतही दोन्ही वारसे दिसून येतात. देशोदेशीं हिंडून परक्या लोकांच्या चालीरीति लिहून ठेवण्याचा परिपाठ ग्रीक इतिहासकार हिरोडोटस ह्यानें इ. स. पूर्व पांचव्या शतकांत घालून दिला. परंतु ग्रीकांची दृष्टि येथें एका मर्यादेवर अडत असे. ग्रीक तेवढे सुसंस्कृत व बाकीचे रानटी, असा भेद त्यांच्या मनांत खोल रुजला होता. कांहीं माणसें जन्मतःच दास होण्यास योग्य असतात, असें अॅरिस्टॉटलसारख्या महापंडितानेंही प्रतिपादन केलें. जो पुरुष माशांचीं व पक्ष्यांचीं अंडीं इतक्या सूक्ष्मपणें पाहूं शकला त्यास दाराशीं राबणाऱ्या दासांतला माणूस दिसला नाहीं, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. उलट पौलानें ग्रीक व यहूदी, दास व स्वतंत्र हा भेदच ख्रिस्ताच्या ठायीं उरत नाहीं असें शिकविलें. ख्रिस्ती राष्ट्रांनींही ही शिकवण शतकानुशतकें पाळली नाहीं आणि गुलामांचा व्यापार केला, हें खरें. पण ती त्यांच्याच शास्त्रांत लिहिलेली असल्यामुळें त्यांना टोंचत राहिली. गोंडाच्या झोंपडीसमोर वही घेऊन बसण्यास जिज्ञासा हवी, ती ग्रीकांनीं दिली. आणि तो गोंड आपलाच भाऊ आहे असें समजून बसण्यास जें हवें, तें हिस्लॉप ह्यांस दुसऱ्या ठिकाणाहून मिळालें होतें.

राजकीय घडामोडींपासूनही ते अलिप्त राहिले नाहींत. १८५३ सालीं रघूजी भोंसले निपुत्रिक वारले व १८५४ सालीं डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. पुढें १८५७ च्या जूनमध्यें येथील घोडदळांत उठाव होणार असल्याची सूचना हिस्लॉप ह्यांना एका मुसलमान मित्रानें आधीं दिली, असें त्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. धर्म निराळा, राजा परका, तरीही शहरांत त्यांना असा मित्र जोडतां आला होता. खालसा झाल्यानंतरच्या कारभारांत ज्या उणिवा होत्या त्या त्यांनीं वृत्तपत्रांतून निर्भीडपणें मांडल्या. १८६१ सालीं मध्यप्रांताची स्वतंत्र रचना झाली तिला ह्या लेखांचें साहाय्य झालें. राज्य आपल्याच देशबांधवांचें असलें तरी त्याचा कारभार चांगला चालतो कीं नाहीं हें विचारलेंच पाहिजे, ही त्यांची वृत्ति सॉक्रेटिसासही मान्य झाली असती, आणि राजांना खडसावणाऱ्या संदेष्ट्यांसही.

१८६३ सालच्या सप्टेंबरांत सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या समवेत ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथें गेले. तेथें प्राचीन लोकांनीं रचलेलीं शिळांचीं वर्तुळें आहेत. तीं पाहावीं व त्यांचा अर्थ लावावा हा हेतु होता. ४ सप्टेंबरच्या सायंकाळीं बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून परत येत असतां वाटेंतील ओढ्यास पूर आला होता. तो ओलांडतांना हिस्लॉप साहेब वाहून गेले. सेहेचाळिसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर आला होता. मागें पत्नी व मुलें राहिलीं.

टाकळघाटच्या ज्या वर्तुळांपायीं ते तेथें गेले त्यांचा अर्थ पुढें हळूहळू उलगडला. तीं प्राचीन दफनस्थळें होत. नागपूर विद्यापीठानें १९६८-६९ सालीं टाकळघाट-खापा येथें उत्खनन केलें. लोखंड वापरणाऱ्या व घोडा पाळणाऱ्या लोकांची ती वस्ती इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकांतील ठरली. म्हणजे थेलीझ व झेनोफेनीस जेव्हां समुद्रकांठीं आपले प्रश्न विचारीत होते, आणि इब्री संदेष्टे आपल्या लोकांना जागे करीत होते, साधारण त्याच युगांत आपल्या ह्या विदर्भांत कोणी आपल्या मृतांभोंवतीं शिळा मांडीत होतें. मेल्यावर माणसाचें काय होतें, हा प्रश्न त्यांनाही पडलाच असला पाहिजे.

हिस्लॉप ह्यांनीं लाविलेलें रोप सुकलें नाहीं. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय १८८३ सालीं निघालें. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें त्याच्याही चाळीस वर्षें आधीं. त्यांचे सोबती हंटर प्रकृति बिघडल्यामुळें १८५५ सालीं स्वदेशीं परतले होते. त्यांनीं पुढें इंग्रजी भाषेचा एक मोठा ज्ञानकोशात्मक शब्दकोश तयार केला. ग्रीक व इब्री ह्या मूळ भाषांचा अभ्यास आमच्या मराठी लोकांतही रुजला. केडगांवच्या पंडिता रमाबाई ह्यांनीं त्या दोन्ही भाषा शिकून सबंध बायबलाचें मराठी भाषांतर केलें व तें काम हातावेगळें करून १९२२ सालीं त्या निवर्तल्या.

आतां आरंभीं काढिलेल्या शंकेकडे वळूं. हिस्लॉप ह्यांच्या चरित्रावरून आम्हांस असें वाटतें कीं, विद्येमुळें श्रद्धा जाते ही भीति पूर्णपणें खोटी नाहीं. पुष्कळांची गेली आहे, आणि तशांपैकीं कित्येक प्रामाणिक व परोपकारी होते. जी श्रद्धा प्रश्नांपासून लपवून ठेविलेली असते ती पहिल्याच प्रश्नाला कोलमडते. आणि तिला तसें लपवून ठेवण्याचा दोष शाळेकडे नसून वडीलमाणसांकडे असतो. म्हणून आमची पालकांस विनंति आहे कीं, मुलानें अडचणीचा प्रश्न विचारला तर त्यास गप्प बसवूं नये. उत्तर ठाऊक नसल्यास तसें सांगावें, आणि दोघांनीं मिळून शोधावें.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, शास्त्रानें शिकविलेली चिकित्सा अर्धवट सोडूं नका. खडकाचें वय काय, हें विचारावयास शिकलांत. त्याच धीटपणानें आपल्या वागण्यालाही प्रश्न विचारा. मी खरें बोलतों काय, दुबळ्याच्या वाट्याचें घेतों काय, माझ्याहून निराळ्या जातीच्या मुलास माझ्या शेजारीं बसूं देतों काय, ह्या प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याही सूक्ष्मदर्शकांत दिसत नाहींत. तरी तीं दिल्यावांचून सुटका नाहीं. तुमचा धर्म कोणताही असो, हीं उत्तरें देण्यासाठीं तुम्हांस आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेकडे कधीं तरी वळावें लागेल. तेव्हां तिची थट्टा करून आलेला माणूस रिकाम्या हातानें परत जातो, आणि तिची तपासणीच न केलेला माणूस दुसऱ्याचीच भाषा बोलतो.

सुटीच्या दिवशीं सीताबर्डीकडे पायीं जाल तेव्हां त्या टेकडीकडे एकदां निरखून पाहा. तिच्या थरांत तळ्यांतील गोगलगाईंचा इतिहास आहे, तिच्या माथ्यावर लढाईचा इतिहास आहे. आणि ती वाचावयास शिकवणारा एक शिक्षक एके काळीं ह्याच गांवांत राहत होता.